तुतवाराच्या फोटोतली सावली

“ही सावली कोणाची?” मी फोटोवाल्याला विचारलं. काढणाऱ्याचीच असणार, तो म्हणाला, सूर्य पाठीमागे असला की असं होतं. त्याला काय ठाऊक! आमचे हे पक्ष्यांचे फोटो चिखलात पालथे झोपून काढतात. झोपलेल्या माणसाची उभी सावली पडत नाही, एवढं मलाही कळतं.

यांनी त्याच्याकडे छापायला टाकलेला तो फोटो तुतवाराचा होता. तुतवार म्हणजे पाण्याच्या कडेने शेपूट हलवत, चोचीने चिखल टोचत फिरणारा मूठभर पक्षी. इतक्या जवळून काढलेला की चोचीच्या टोकाला चिकटलेला गाळसुद्धा दिसत होता. आणि त्याच्या पायांशी, ओल्या चिखलावर, एका बाईचं डोकं आणि खांदे. अंबाडासुद्धा स्पष्ट होता.

फोटोवाल्याच्या शेजारीच माझं शिवणकामाचं दुकान आहे. जुने कपडे घट्ट-सैल करून देण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी मला त्याचे खांदे दिसतात. त्या सावलीचा डावा खांदा उतरलेला होता. तसल्याच एका उतरत्या खांद्यासाठी मी कपड्यात वर्षानुवर्षं गादी भरत आले आहे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा खांदा होता.

दुकानात परतले, पण मशीनचं पायडल थांबलं ते थांबलंच. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला मी उद्या या म्हणून वाटेला लावलं.

शंका काही त्या दिवशी आली नव्हती. पाण्याच्या पंपावरची नोकरी संपल्यावर यांनी कॅमेरा घेतला, तेव्हा प्रत्येक फोटो मला दाखवल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, आधी जाऊन पडून राहायचं, तोच चालत आपल्यापाशी येतो, हे मला तोंडपाठ झालं होतं. फ्लॅश मारायचा नाही, पक्ष्याचा डोळा मेल्यासारखा दिसतो. सकाळचं कोवळं ऊन पाठीवर घ्यायचं. मी हो हो म्हणत काजं करत बसायची.

मग फोटो दाखवणं बंद झालं. विचारलं तर आज काही मिळालं नाही म्हणायचे. आणि माझ्याशी बोलताना हे माझ्या कानाच्या पलीकडे बघायला लागले. जणू माझ्या मागे कोणी उभं आहे. सरळ डोळ्याला डोळा म्हणून द्यायचे नाहीत. नवरा नजर चुकवायला लागला की बायकोने काय समजायचं ते काय शिकवावं लागतं?

फक्त ती माझी बहीण असेल असं वाटलं नव्हतं. धाकटी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. लग्न केलं नाही. आमच्या घरी तिची उठबस पहिल्यापासून, ‘भाऊजी, भाऊजी’ करत यांची चेष्टा करणारी. मी फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, रविवारी सकाळी कुठे होतीस. झोपले होते, म्हणाली. दोन दिवसांनी कोट द्यायला दुकानात आली तेव्हा तिच्या बुटांच्या शिवणीत राखाडी चिखल वाळलेला होता. हे काय, म्हटलं. रस्ता खणलाय ना, म्हणाली. किती सराईतपणे! मी मूग गिळून तिच्या कोटाचा खांदा उसवायला घेतला.

त्यानंतरच्या रविवारी हे कॅमेरा घेऊन निघाले आणि पाठोपाठ मी निघाले. खाडीच्या काठाला एक फुटकी होडी पडली आहे. तिला टेकून धाकटी उभी होती. पुढे थोड्या अंतरावर हे चिखलात पालथे. मी बांधाच्या मागून बघत राहिले.

पण बघते तर काय! यांच्या दोन्ही पायांच्या घोट्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांची टोकं धाकटीच्या हातात. ती मधूनच डावी दोरी ओढायची, की हे कॅमेरा डावीकडे फिरवायचे. उजवी ओढली की उजवीकडे. बैल हाकावा तसा माझा नवरा हाकत होती ती. असलं चोरटं प्रेम मी कुठे पाहिलं नव्हतं, पण मला थांबून विचार करायची शुद्ध नव्हती. मी बांध उतरून तरातरा निघाले. पक्षी भर्रकन उडाले.

ते हातावर रेलून उठले आणि वळले. चांगला लख्ख उजेड होता, मी चार पावलांवर होते. त्यांनी सरळ माझ्याकडे, अगदी डोळ्यांत बघितलं. किती महिन्यांनी बघितलं!

“कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मग त्यांनी नजर जराशी बाजूला, माझ्या कानाच्या पलीकडे नेली आणि म्हणाले, “तू होय.”

पुढचं धाकटीने सांगितलं. यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडेचा शाबूत आहे. सरळ बघितलं की पक्षी नाहीसा होतो, बाजूला बघितलं की थोडाफार दिसतो. गेलेलं परत येणार नाही, आहे तेही किती टिकेल सांगता येत नाही. हे गुपचूप तिच्या दवाखान्यात आले होते आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून गेले होते. दोरीची युक्ती तिची. बोललं की पक्षी उडतात म्हणून.

म्हणजे माणूस नजर चुकवत नव्हता. मी दिसावी म्हणून बाजूला बघत होता.

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. खरं सांगते, दुसरी बाई असती तर सोसलं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं. हे दुखणं यांनी माझ्या बहिणीजवळ बोलून दाखवलं आणि मी रोज पानावर बसून त्यांच्यावर पाळत ठेवत होते.

“मला का नाही सांगितलंत?”

ते बोटांवरचा चिखल खरवडत बसले. “हिला विचारलं, फोटो कसा आलाय, तर ही म्हणते छान. दर वेळी छान. तुला विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस.”

आठवडाभर मी कोणाशी धड बोलले नाही. धाकटीचा कोट माणसाकरवी पाठवून दिला. घरात आम्ही दोघं भांड्यांच्या आवाजावर राहिलो. त्यांना भाजीत मीठ जास्त झालंय म्हणायचं असलं तरी ते माझ्या कानापलीकडे बघायचे, आणि आता ते मला सहन होत नव्हतं, वेगळ्या कारणाने.

पुढच्या रविवारी ते बूट चढवत होते तेव्हा मीही चढवले. त्यांनी दोऱ्यांचं भेंडोळं माझ्या हातात दिलं.

होडीला टेकून उभी राहिले. दोऱ्या हातात फार हलक्या लागल्या. ऊन वर यायला लागलं, तसा एक तुतवार पाण्याच्या कडेने शेपूट नाचवत येऊ लागला. थांबायचा, टोचायचा, पुन्हा यायचा. मी डावी ओढली. कॅमेरा वळला. आणखी जरा ओढली. पक्षी यांच्या हातभर पुढे येऊन उभा राहिला आणि मला श्वास घ्यायचीही भीती वाटली. ‘आता काढा’ ही खूण म्हणून ठरल्याप्रमाणे दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या. कॅमेऱ्याचा टकटक आवाज आला आणि पक्षी उडाला.

मी जवळ जाऊन चिखलात बसले. त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला.

“कसा आलाय?”

मी पडद्यावर नीट बघितलं. पुढचा बघितला, मागचा बघितला. धाकटीचं तोंड आठवलं. कसं सहज म्हणत असेल ती, छान म्हणून. मलाही जिभेवर तेच आलं.

“पक्षी नाहीये,” मी म्हणाले. “एकाही फोटोत नाही. नुसता चिखल आहे.”

त्यांनी मान हलवली, कॅमेरा माझ्या हातातून घेतला, त्याची काच शर्टाच्या आतल्या बाजूने पुसली, आणि कोपरं रोवून पुन्हा पालथे झाले.

“गाठ सैल झालीय,” ते म्हणाले आणि उजवा पाय माझ्याकडे केला.