काचेवरचा श्वास

कासारवाडीच्या जुन्या गावठाणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीच्या तोंडापासून मांडवापर्यंत माणसंच माणसं. कोणी कंपनीचा युनिफॉर्म तसाच अंगावर ठेवून शिफ्टवरून थेट आलेलं, कोणी तान्हं पोर खांद्यावर टाकून. सगळ्यांचे मोबाइल वर धरलेले. मांडवाच्या मधोमध शीतपेटी होती, लोक जिला बर्फाची पेटी म्हणतात ती, आणि तिच्यात कुलदीप निजवलेला. चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. आदल्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं म्हणून मोटर लावायला गेला, ओल्या हातानं वायर धरली, आणि गेला.

"बघा, पुन्हा आला," कोणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं.

पेटीच्या काचेवर धुकं धरलं होतं. बरोब्बर कुलदीपच्या तोंडाच्या वर. पेटीशेजारी भगव्या कफनीतला एक इसम मांडी घालून बसला होता. तो उपरण्यानं काच लख्ख पुसायचा, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, आणि बघता बघता काच परत धूसर व्हायची. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. म्हाताऱ्यांनी हात जोडले होते.

"प्राण गेलेला नाही," महाराज सांगत होते. "प्राण ब्रह्मरंध्रात अडकलाय. विजेचा झटका म्हणजे काय? ऊर्जा. ऊर्जा कधी मरते का? विज्ञानसुद्धा हेच सांगतं. मी फक्त व्हायब्रेशन जुळवतोय."

विज्ञानाला न विचारता विज्ञानाचं नाव घेणारी ही जमात मला फार ओळखीची आहे. मी तेजस्विनी, पोलीस हवालदार. कुलदीपचा पंचनामा मीच केला होता. अंत्यविधी का होत नाही, गर्दी कसली जमलीय, हे बघायला साहेबांनी मला पाठवलं होतं.

विधी थांबला होता तो मात्र साध्या कारणानं. कुलदीपचा थोरला भाऊ जयदीप फौजेत आहे. पार सीमेवरून यायचा होता, संध्याकाळपर्यंत पोचणार होता. भावानं तोंड बघितल्याशिवाय उचलायचं नाही, ही या घराण्याची रीत. म्हणून पेटी आणली. आणि पेटी आल्यावर काही तासांत हे महाराज उपटले. कोणी बोलावलं, विचाराल तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते.

पेटीच्या दुसऱ्या बाजूला शालनमावशी बसल्या होत्या. कुलदीपची आई. आदल्या दिवशी इस्पितळात त्या रडून रडून कोसळल्या होत्या. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा उजळला होता. मला बघून त्यांनी माझा हात धरला.

"बाई, माझं लेकरू जित्तं हाय. तुमी म्हनला व्हता गेला. बघा की."

खोटं कशाला बोलू, मढ्याजवळ रडणारी आई मी पुष्कळदा पाहिलीय. हसणारी आई नव्हती पाहिली.

"मावशी," मी म्हटलं, "काल डॉक्टरांनी तपासलंय ना त्याला."

"तपासलं व्हय. पन परवाच्या शिरेलीत न्हाई का दावलं? त्यो मानूस टेबलावर निजवलेला, डॉक्टरीन बाई वाकून बघती, आन त्याच्या नाकाशी धरलेली काच धुरकाटती. मी आन कुलदीप संगंच बघत हुतो."

आता हे दुखणं माझ्या लक्षात आलं. रात्री टीव्हीवर ती मालिका लागते, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईची. सगळं गावठाण बघतं. त्यातली डॉक्टर मोकळ्या केसांनी शवागारात येते, मढ्यावर टॉर्च मारते, हातमोज्यानं हनुवटी वळवते, आणि जाहिरात संपायच्या आत खुनी सांगते. मढी कशी, आत्ताच पार्लरमधून आल्यासारखी. कुठे टाका नाही, कुठे वास नाही. लोकांना वाटतं, पोस्टमॉर्टेम म्हणजे एवढंच. वाकून बघायचं आणि अहवाल लिहायचा. शालनमावशीलाही तेच वाटत होतं. आणि आमच्या शवागारातल्या विक्कीनं तर कुलदीपला असा शिवला होता, केस असे विंचरून बसवले होते, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं अशी लावली होती की बघणाऱ्याला पोरगं झोपलंय असंच वाटावं. विक्की सगळ्यांचंच तसं करतो. घरच्यांना कमी त्रास व्हावा म्हणून.

"महाराज काय म्हणतात पुढं?" मी कुलदीपच्या चुलत आजोबांना, आबाजींना विचारलं.

आबाजी खाली बघत म्हणाले, "म्हनत्यात, थंडीनं प्रान बाहेर याया भितोय. ऊन कलायच्या आत पेटीतनं काडायचा, लिंबाच्या पाल्यावर आन खड्याच्या मिठावर ठेवायचा. तीन दिस. दार लावून. आई तेवडी जवळ बसंल."

मी मे महिन्याच्या त्या उन्हाकडे बघितलं. पत्र्याची खोली, तीन दिवस, दार बंद, आणि आत आई. त्या खोलीत काय होईल ते मला माहीत होतं. मी बाजूला जाऊन डॉक्टर अंजलींना फोन लावला.

डॉक्टर अंजली म्हणजे आमच्या इस्पितळाच्या फॉरेन्सिक डॉक्टर. दापोडीच्या. वडील कारखान्यात फिटर होते. केस घट्ट बांधलेले, पायात रबरी चपला, बोलणं बेताचं. मी सगळं सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "पेटीतून काढू देऊ नकोस. येते." आल्या त्या विक्कीला घेऊनच.

गर्दीत कुजबुज झाली. "शिरेलीतल्यावानी डॉक्टरीन आली बघ." मोबाइल तिकडे वळले.

डॉक्टर पेटीजवळ गेल्या. काचेला हात लावला नाही. आधी आजूबाजूला बघितलं. मांडवाच्या खांबाला टेकवून एक कूलर लावलेला, चांगला दांडगा, पाणी भरलेला, आणि त्याचं तोंड सरळ पेटीच्या डोक्याकडच्या बाजूवर रोखलेलं.

"कूलर इथं कोणी ठेवला?"

"म्हाराजांनी," एक पोरगा म्हणाला. "आधी तिकडं बायकांकडं व्हता."

महाराजांनी डोळे उघडले. "प्राणवायूला गती लागते ताई. ज्यांच्या घरात देव नाही, त्यांना प्राण काय कळणार?"

हा टोमणा कशावर होता ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. डॉक्टरांच्या गळ्यातल्या साखळीत बुद्धाचं छोटं पदक आहे. दोन-चार माना हलल्या. माझा हात शिवशिवला, पण डॉक्टरांनी महाराजांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"माझ्या घरात काय आहे ते राहू द्या. मावशी, जरा इकडे या. काचेवरून बोट फिरवा."

शालनमावशींनी बोट फिरवलं. काचेवर रेघ उमटली. बोट ओलं झालं.

"ओलं हाय," मावशी म्हणाल्या.

"तुमचं बोट पेटीच्या बाहेर आहे मावशी. कुलदीप आत आहे. त्याचा श्वास असता तर काच आतून धुरकटली असती. बाहेरून पुसून गेली नसती. महाराज मघापासून बाहेरूनच पुसतायत ना?"

गर्दीतला एक जण पुढे झाला, त्यानं हातानं काच पुसली. सगळी स्वच्छ. आतल्या बाजूला एक थेंब नव्हता.

"फ्रिजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की तिला घाम फुटतो. बाटली जिवंत असते का? पेटी गार आहे, कूलरचा वारा ओला आहे. ओला वारा गार काचेला लागला की पाणी धरतं. जिथं वारा लागेल तिथं. विक्की, कूलर बंद कर."

विक्कीनं बटण दाबलं. डॉक्टरांनी स्वतःच्या रुमालानं काच पुसली. सगळे टक लावून बघत होते. आता नुसता उन्हाळी कोरडा वारा होता. काच स्वच्छ राहिली. मग विक्कीनं कूलर परत लावला, तोंड पेटीच्या पायांकडे फिरवलं. थोड्या वेळानं कुलदीपच्या पावलांवरच्या काचेवर धुकं धरलं.

"पायानं श्वास घेतोय वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

मी गर्दीला विचारलं, "तुम्हाला खरंच वाटत होतं ना, पोरगा जिवंत आहे? मग एकानं तरी ॲम्ब्युलन्सला फोन केला का? श्वास घेणाऱ्या माणसाला बर्फाच्या पेटीत ठेवून फोटो काढत बसलात?"

सगळ्यांचे मोबाइल हळूच खाली आले.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण असले महाराज बारा गावचं पाणी प्यायलेले असतात. महाराज उठले, आणि आवाज बारीक करून, दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "माउली, प्राण परत फिरला. दारापर्यंत आला होता. या बाईंच्या संशयानं फिरला. आता मी काही करू शकत नाही."

मी इतक्या वर्षांत चोर पाहिले, खुनी पाहिले. पण मेलेल्या पोराच्या आईला, तुझा पोरगा आत्ता, तुझ्यासमोर, या बाईनं मारला, असं सांगणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

शालनमावशी डॉक्टरांच्या पायाशी बसल्या. "बाई, तुमच्या पाया पडते. त्यो कूलर व्हता तसा लावा. माझी चूक झाली, मी बोट लावाया नगं व्हतं. लावा की वो."

कूलरचं सगळं आत्ताच त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यांना ते कळलंही होतं. तरी त्या म्हणत होत्या, लावा. विक्कीनं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी त्यांना उठवलं आणि घरात नेलं. मागोमाग मी गेले, दार लोटून घेतलं. चूल बंद, ओट्यावर कालची भांडी तशीच.

"मावशी, मला तुम्हाला हे सांगायचं नव्हतं. आम्ही हे कोणालाच सांगत नाही."

"टीव्हीत तर नुसतं बगत्यात," मावशी पुटपुटल्या. डॉक्टर काय सांगणार ते त्यांना बहुधा आधीच कळलं होतं.

"टीव्हीतलं खोटं असतं. काल मी त्याची छाती उघडली. कशानं गेला ते नक्की कळायला उघडावी लागते. त्याचं काळीज मी बाहेर काढलं. माझ्या या हातांत होतं. ते थांबलेलं होतं मावशी. आज नाही, काल सकाळीच थांबलं होतं, मोटरीपाशी. मी फिरवला नाही त्याचा प्राण. तुम्हीही नाही."

मला वाटलं, मावशी ओरडतील, किंवा डॉक्टरांच्या अंगावर धावून जातील. त्या डॉक्टरांच्या हातांकडे बघत राहिल्या. साबणानं धुऊन धुऊन कोरडे पडलेले ते हात.

"नऊ म्हैने पोटात वागवला," त्या म्हणाल्या. "पन त्याचं काळीज म्या कदी बघितलं न्हाई. तुमी बघितलं." मग म्हणाल्या, "कसं व्हतं वो?"

डॉक्टरांचा आवाज मी कधी फुटलेला ऐकला नव्हता. तो तेव्हा फुटला.

"चांगलं होतं मावशी. एकदम निरोगी. पुष्कळ वर्षं चाललं असतं."

मावशींनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले, आपल्या डोळ्यांवर दाबले आणि मग रडल्या. आदल्या दिवसापेक्षा जास्त रडल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वर्दी अंगात आहे हे डोळ्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

बाहेर आल्यावर शालनमावशी आबाजींना म्हणाल्या, "मामंजी, पाला नगं, मीठ नगं. माझं लेकरू गेलंया. त्येला कुटं ठेवायचं न्हाई. जयदीप आला की उचला."

महाराज गल्लीतून सटकायच्या बेतात होते. मी त्यांची कफनी मागून धरली. आपल्याकडे जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आणि तो मला पाठ आहे. गाडीत बसताना ते मला ऊर्जेबद्दल काहीतरी सांगायला लागले. मी म्हटलं, तोंड बंद ठेवा, काच धुरकटतेय.

ठाण्यावरून मी परत गेले तेव्हा उन्हं उतरली होती. गर्दी पांगली होती. शालनमावशी पेटीशेजारी बसून होत्या. बायकांसाठी कूलर पुन्हा लावला होता, काचेवर मधूनच ओल धरत होती, आणि दर वेळी मावशी पदरानं ती पुसून टाकत होत्या. थोरल्याला धाकट्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून. जयदीप फौजी बूट दारात काढून आत आला आणि त्यानं तो बघितला. मिठात ठेवला असता तर काय उरलं असतं, ते मी इथं लिहीत नाही.

वाचणाऱ्यांनो, मला भाषण येत नाही. पण एवढं ऐका. तुमच्या घरात कोणी गेलं आणि मनाला पटेना, शंका आली, तर ती शंका डॉक्टरकडे न्या, पळत न्या, त्यात लाज नाही. पण जो मढ्याशेजारी आसन मांडून बसतो, गर्दी जमवतो आणि इस्पितळाचं नाव काढत नाही, त्याला उंबऱ्यात पाय ठेवू देऊ नका. काच पुसून बघा, पाणी कुठल्या बाजूला आहे ते बघा. त्याला शिक्षण लागत नाही, फक्त बघायचं धाडस लागतं. तुमच्या घरातली आई आधीच एकदा मेलेली असते. तिला खोटी आशा दाखवून दुसऱ्यांदा मारू नका.