कॉटेजात चूल कुणी पेटवायची

आमचे बापूसो, म्हंजी माझे मालक, पन्हाळ्याला एका लग्नाला गेलते. तिथली भाड्यानं द्यायची कॉटेजं बघून आले आन् चप्पल काढायच्या आत म्हणाले, "आपण बी बांधायची. चार." कुरुंदवाडला नदीच्या वरच्या अंगाला आमची माळाची एक पट्टी हाय. ऊस तिथं धड येत न्हाई. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला येणारी माणसं तिथं दोन दिस राहतील, हवा खातील, असं त्यांचं म्हणणं. पण मला एकच दिसत हुतं. चार कॉटेजं, चार कुटुंबं, आन् त्यांच्या भाकऱ्या कोण थापणार?

तीस वर्षं थापल्या की! दीर, जावा, सालगडी, सगळ्यांच्या. आमच्या जैनांच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून दुपारी तीनपासनंच परात पुढ्यात. आता दीर वेगळे झाले, पोरगा पुण्याला गेला, घरात आम्ही दोघंच. दोन वर्षं झाली, दिवस मावळला की माझी चूल थंड आन् मी मोकळी. शेजारच्या अंबूबाईसंगं कट्ट्यावर पाय पसरून बसते, अख्ख्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. लई सुख हाय त्यात. ते जाणार म्हणून मला रडू यायचं, खरंच सांगते.

मग मालकांनी शाहूपुरीतनं एक पोरगी बोलावली, दीक्षा नावाची. एखादा धंदा चालंल का न्हाई ते तपासून अहवाल करून द्यायचा, हेच तिचं काम. टेप घेऊन तिनं सगळी पट्टी पालथी घातली. पाणी किती, पावसात गाडी येती का, संडासाचा खड्डा कुठं, दोन हजार पाचच्या पुरात पाणी कुठवर आलतं. तवा पट्टीला पाणी शिवलं न्हवतं, ते ऐकून तिनं वहीत लिहून घेतलं. मग सोप्यात चहा घेताना विचारलं, "काका, पाहुण्यांच्या जेवणाचं काय?"

"ही हाय की!" मालकांनी माझ्याकडं बोट केलं. बाजारात म्हस दाखवावी तसं.

माझं टाळकंच सणकलं. पोरीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् कप खाली ठेवला. "काका, जेवण ज्याचं त्यानं करायचं, असं ठेवलं तर? आपण गॅस, भांडी, पाणी द्यायचं. बाकी पाहुणे बघतील. बऱ्याच ठिकाणी चालतं हे."

मालक ताडकन उठले. "पावणा माझ्या दारात येऊन सोता भाकरी थापणार? अगं पोरी, भावकी शेण घालंल माझ्या तोंडात!"

"मग एकदा करूनच बघू," दीक्षा म्हणाली. "माझ्या ओळखीचं एक जोडपं पुण्याहून येतंय. त्यांना दोन दिवस तुमच्या रानातल्या रिकाम्या घरात ठेवा. पण काकूंनी त्यांच्यासाठी काही म्हणजे काही करायचं नाही."

शनिवारी पावणं आलं. आम्ही आमच्या वेळेला जेवून घेतलं, पण मालकांचा पाय काय घरात ठरंना. घडीघडीला परड्यात जाऊन रानातल्या घराकडं बघायचं. सात वाजले तसे माझ्या मागं लागले. "उपाशी हाईत बिचारी. अगं, चार भाकऱ्या टाक."

"न्हाई."

"बरं, नुसता झुणका."

"परात तिथं हाय," म्हटलं आन् सरळ कट्ट्यावर जाऊन बसले.

आत भांड्यांचा दणका सुरू झाला. मग "आयला", मग करपल्याचा वास. अंबूबाई म्हणाली, "अगंबाई, मालक सैपाक करत्यात व्हय?" हसून हसून आमच्या डोळ्याला पाणी आलं. पण माझे हात शिवशिवत हुते, खोटं कशाला बोलू? पदर मुठीत धरून बसले, उठले न्हाई.

मालक फडक्यात चार वाकड्यातिकड्या भाकऱ्या बांधून तरातरा गेले आन् अर्ध्या तासात तशाच घेऊन परत आले. कट्ट्यावर माझ्याशेजारी बसले.

"काय झालं?"

"खिचडी करत हुती ती. बाप्या काकडी कोचवतोय, बाई फोडणी देतीया, आन् दोघं हसत्यात की गं! मला म्हणाली, काका, बसा ताटावर. म्हटलं, दिवस मावळलाय, मी खात न्हाई. तर तोंडं पडली त्यांची. आता सकाळी नाष्ट्याला बोलावलंय." भाकऱ्यांचं फडकं मांडीवर घेतलं. "आपण पावण्याला जेवायला घालतो म्हणून लई मिरवतो. घालतीस तू. मला आज कळलं, भाकरी किती भाजती ते."

त्यांच्या बोटाला फोड आलता. मी तूप लावलं. भाकऱ्या म्हशीला घातल्या, तर म्हशीनं बी तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी दीक्षा अहवाल घेऊन आली. वाचून दाखवला. आधी दोनच कॉटेजं बांधा, ती भरली तर पुढची बघा, धंदा हुईल. शेवटच्या पानावर कामाची वाटणी हुती. बुकिंग आन् देखरेख बापूसो. साफसफाईला पगारी बाई. सैपाक पावण्यांचा पावण्यांनी.

मी दाराला टेकून कान देऊन ऐकत हुते, तरी मनाची खात्री हुईना.

"पोरी, माझं नाव कुठं आलं त्यात?"

तिनं सगळी पानं उलटून बघितली. "काकू, तुमचं नाव कुठंच नाही."

"मीच सांगितलं तिला, घालू नको म्हणून," मालक दुसरीकडंच बघत म्हणाले.

मी हुंदके देऊन रडायलाच लागले. दोघं बी घाबरली. मालक पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"काय झालं न्हाई गं बाई," मी दीक्षाला म्हटलं, "ते पान तेवढं परत एकदा वाच."