अकरा इशारे

छांगवॉनच्या सभागृहात सोरिमचा आवाज सुरुवातीला कापत होता. मागच्या पडद्यावर "बारापैकी अकरा" असं उमटलं, तेव्हा कुठे तो स्थिरावला. थोंगयॉंगच्या खाडीत उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दोऱ्यांना टांगून वाढवलेली कालवं बघता बघता मरतात. तिच्या कंपनीचं यंत्र पाण्यात राहून प्राणवायू मोजायचं आणि कोळ्याच्या मोबाइलवर आधीच इशारा पाठवायचं. बारा जणांकडे ते लावलं होतं. अकरा जणांना वेळेवर इशारा मिळाला, त्यांनी दोऱ्या वर ओढल्या, माल वाचला. याच आकड्यासाठी तिने जहाजाच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडली होती.

प्रांतातल्या नऊ नव्या कंपन्या त्या दिवशी रांगेत होत्या. बक्षीस तीस कोटी वोन. थोंगयॉंगवाल्यांचं नाव जवळजवळ पक्कं, असं बाहेर चहाच्या टेबलापाशी सगळेच बोलत होते.

परीक्षकांत जिन बाई होत्या. गुंतवणूक कंपनीच्या प्रमुख, पण मूळच्या कोळ्याघरच्या. नोंदींचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "यंत्र दिवसभर मोजतं म्हणता. मग नोंदी पहाटेच्याच कशा? आधी दक्षिणेच्या टोकाची, मग शेजारची, मग त्यापुढची. होडीतून कुणी फिरत असल्यासारख्या."

सोरिमला हसूच आलं. काहीतरी कारण असणारच. तिने माइक तेग्यूकडे दिला. कॉलेजात तिच्या मागच्या वर्गातला हा मुलगा कंपनीतला तिचा एकमेव भागीदार; यंत्राची सगळी बाजू तोच बघायचा.

तेग्यूने माइक घेतला.

"मीच फिरत होतो," तो म्हणाला. "यंत्रं जुलैतच बंद पडली. प्राणवायू मोजणाऱ्या काचेवर शेवाळ चढलं. मग मी हातातल्या मीटरने मोजून यंत्राच्या नावाने इशारे पाठवत राहिलो. सोरिमताईला यातलं काही माहीत नाही."

जिन बाईंचे ओठ हलताना सोरिमला दिसत होते, शब्द पोचत नव्हते. कुणीतरी तिला दंडाला धरून खाली नेलं. कंपनीचं नाव यादीतून काढल्याचं जाहीर झालं तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसून होती, आणि आपण तिथे कसे आलो हे तिला आठवत नव्हतं.

तेग्यू समोर येऊन उभा राहिला. त्याच्या बुटांकडे बघतच तिने विचारलं, "का?"

"तू सोलला होतीस, गुंतवणूकदारांच्या मागे. रोज फोनवर विचारायचीस, चालू आहे ना? पहिल्या दिवशी वाटलं, उद्यापर्यंत दुरुस्त करीन, कशाला सांगायचं. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं."

दोन महिने हा माणूस पहाटे चारला उठून बारा ठिकाणी होडी घालत होता. आणि आपण त्या उन्हाळ्यात एकदाही होडीत पाय ठेवला नाही, हे तिला तिथे बसल्या बसल्या उमगलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच कोळ्यांकडे निघाली. खोटं तिच्या नावावर खपलं होतं, तेव्हा खरंही तिनेच सांगायला हवं होतं. पहिलं घर म्हाताऱ्या पे काकांचं. ते अंगणात कालवं फोडत बसले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि मान खाली घातली.

काकांचा चाकू थांबला नाही. "ठाऊक आहे की. यंत्र मेलेलं आम्ही तेव्हाच पाहिलं. पोरगा रोज यायचा, पावसातसुद्धा. सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

काकांनी आता मात्र वर पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"आम्हाला वाटलं, तूच पाठवतेस त्याला."