पिठातला संशय

मित्रांनो, ताडकळसच्या बाजाराच्या रस्त्यावर जी जुनी पिठाची गिरणी घरघरत असते, ती मी. रेवणप्पांनी मला पत्र्याच्या खोलीत बसवलं तेव्हा माझे दगड नवे होते. बाजारादिवशी आसपासच्या खेड्यांतून ज्वारी यायची. लोक म्हणायचे, "रेवणप्पाच्या पिठाची भाकर तुटत न्हाई." रेवणप्पा थकले आणि त्यांची सून शिवरंजनी माझ्यापाशी उभी राहू लागली. तिनं मला कधी रिकामं फिरवलं नाही की माझे दगड बोथट होऊ दिले नाहीत.

मग तिच्या बोटांवर पांढरे ठिपके आले. आधी सगळ्यांना ते पीठच वाटलं. पण धुऊनही ते जाईनात. पुढं मनगटावर चट्टा उठला, ओठाच्या कडेला दुसरा. ते कोड होतं.

तेव्हापासून माणसं माझ्यासमोर वेगळ्याच नजरेनं उभी राहू लागली. कुणी डबा दारातच ठेवी. कुणी तिच्या हातांकडे टक लावून बघे आणि तिनं मान वर केली की पटकन रस्त्याकडे बघे. बायनाबाई आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एकदा पीठ नाकाजवळ नेऊन हुंगलं, आणि त्या पुन्हा आल्याच नाहीत. स्टँडजवळच्या नव्या चक्कीवर जाऊ लागल्या.

शिवरंजनी आणि तिचा नवरा राजेश्वर परभणीला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आल्या आल्या राजेश्वर दारात थांबलेल्यांना सांगू लागला, "हा महारोग न्हाई. हात लावल्यानं, संगं जेवल्यानं लागत न्हाई. अंगात रंग तयार करणाऱ्या पेशी असत्यात, त्या शरीरच चुकून मारायलंय."

लोकांनी माना डोलावल्या आणि डबे उचलून ते चालते झाले. काही दिवस राजेश्वर स्वतः दळायला उभा राहिला, तर लोक विचारत, "पीठ तूच भरलंस ना?" शेवटी मलाही येणाऱ्या प्रत्येक पावलाचा संशय येऊ लागला. हा दळायला आलाय, की नुसता बघायला?

वर्ष लोटलं. एका दुपारी बायनाबाई आल्या. हातात डबा नव्हता, नात होती, भक्ती. तिच्या डोळ्याच्या कडेला पांढरा ठिपका होता.

"बघ, काय केलंस माझ्या लेकराला!" त्या ओरडल्या. "तुझ्या पिठानं झालंय हे!"

शिवरंजनीनं माझं बटण बंद केलं. "मावशी, तुमी वरीसभर स्टँडावर दळायलाव. माझं पीठ तुमच्या घरात आलंच कवा?"

बायनाबाई मटकन पोत्यावर बसल्या. "मग कुठून आलं गं हे?"

"कुणाकडूनच आलं न्हाई." शिवरंजनी भक्तीसमोर उकिडवी बसली. "दुखतंय का गं?"

"न्हाई. पण आजी माझं ताट येगळं मांडायली."

बायनाबाईंनी पदर तोंडाशी नेला. शिवरंजनी त्यांना रागावली नाही. एवढंच म्हणाली, "उद्या परभणीला चला माझ्यासंगं. लवकर दवा केली तर रंग परत येऊ शकतो. न्हाई आला, तरी लेकरू तेच ऱ्हातंय."

पुढच्या बाजारादिवशी बायनाबाई डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. शेजारी भक्ती. पुढच्या माणसानं पोरीकडे पाहिलं आणि आपला डबा हळूच बाजूला ओढला.

"काय झालंय हिला?" त्यानं विचारलं.

आता ही बाई पोरीला पदराआड घेणार, असं मला वाटलं. पण बायनाबाई साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोड हाय. लागत न्हाई. एका ताटात जेवायलोत आमी दोघी." मग शिवरंजनीकडे वळल्या. "टाक माय दळण."

मित्रांनो, त्या दिवशी तो माणूस दळण न घेताच निघून गेला. अजूनही बरेच जण परतलेले नाहीत. मी पडले यंत्र, मला कुणाला समजावता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या वर्गात, गल्लीत अंगावर असे डाग असलेलं कुणी असेल, तर लांबून बघत राहू नका. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. आणि विचारायला जाण्याआधीच त्याच्या शेजारी जाऊन बसा.