संजीवनी सिस्टरची उतरवलेली टोपी

‘ड्यूटीवर डोक्यावरची टोपी उतरवायची नाही आणि वर्ष भरल्याशिवाय बदली मागायची नाही. का, ते विचारायचं नाही.’

इंदापूरच्या त्या दवाखान्यात नव्या नर्सला पहिल्याच दिवशी हे ऐकवलं जायचं. मीही ते ऐकलं, तिच्या डोक्यावर बसून. मी संजीवनी सिस्टरची टोपी बोलतेय. सध्या मुक्काम जळोची, तिच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या घरची खुंटी. शेजारी आबांची गांधी टोपी असते. खालून पाल जाते-येते. धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

माझा जन्म जळोचीतच झाला, सिद्धू टेलरच्या मशिनवर. त्याची सगळी हयात गड्यांच्या टोप्या शिवण्यात गेलेली. संजीवनीनं पुण्याहून नर्सिंग शिकून येताना टोपीचा नमुना आणला, तो त्यानं उलटासुलटा करून पाहिला. “ही कसली टोपी? मागनं उघडीच हाय की! कापड कमी पडलं का काय सरकारला?” त्याच ताग्यातून त्यानं आबांचीही टोपी बेतली. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी. तिच्या आईनं मला साबुदाण्याची अशी काही खळ घातली, की मी डोक्यावर बसत नसे, उभी राहत असे.

चौऱ्याण्णव साली आम्ही दोघी इंदापूरला रुजू झालो. मला वाटलं, आता जखमा, इंजेक्शनं, धावपळ. पण तिला मिळाला स्पेशल वॉर्ड. तिथं कूलर होता, टीव्ही होता आणि गावचे पुढारी आप्पासाहेब होते. आप्पासाहेबांच्या छातीत धडधड व्हायची, ती फक्त घरी. दवाखान्यात ते मजेत असायचे. “सिस्टर, जरा मोसंबी सोला. सिस्टर, पाव्हण्यांना च्या सांगा. सिस्टर, बातम्या लावा.” बाळंतपणं करायला शिकलेली पोरगी मोसंब्याच्या बिया काढत बसायची. मी डोक्यावर असल्यामुळे आत काय शिजतंय ते मला समजायचं. टाळू तापायची.

एके दुपारी समोरच्या बाळंतिणींच्या वॉर्डातून सारजा सिस्टरनं हाक मारली. ती एकटी आणि दोघी बाया अडलेल्या. संजीवनी धावली, तर आप्पासाहेबांनी घंटी वाजवली. त्यांची उशी घसरली होती. उशी नीट करून ती पोचेपर्यंत सारजानं एकटीनं निभावलं होतं.

संजीवनी तशीच मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. मेट्रनबाई म्हणजे प्रयागबाई. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेस त्यांच्या हाताखाली. पांढरं लुगडं, करकरीत आवाज, आणि डोक्यावर टोपी नाही. एवढ्या मोठ्या पदावर गेल्यावर टोपी लागत नाही म्हणे. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

“मला बाळंतिणींच्या वॉर्डात बदली द्या, मॅडम.”

“वर्ष भरू दे.”

“का?”

प्रयागबाईंनी चष्मा काढला. “का म्हणजे? आम्ही कधी विचारलं नाही.”

“म्हणून तर आज मला विचारावं लागतंय.”

“जा. आप्पासाहेबांची औषधाची वेळ झाली.”

त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून तिनं घरी सांगितलं, की मी बदली मागितलीय. झालं! बदली म्हटल्यावर घरच्यांना एकच दिशा माहीत, घराकडची. पोरगी कंटाळली, रडकुंडीला आली, तिला माघारी आणायला पाहिजे, असं ठरलं. दत्तोबा तात्यांनी, म्हणजे तिच्या चुलत्यांनी, बारामतीत डोळ्याच्या डॉक्टरकडे जागाही बघून ठेवली. दाराशी बसून पेशंटचे नंबर पुकारायचे. रक्त नाही, रात्रपाळी नाही. बघायला येणाऱ्या पाव्हण्यांनाही हे पसंत होतं म्हणे. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

दोनच दिवसांत आबा, तात्या आणि भिगवणचे बाजीराव मामा इंदापूरला येऊन थडकले. मामांच्या पिशवीत उजनी धरणातली जिवंत मरळ मासळी होती. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं ना!

मेट्रनबाई राउंडला गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत लखन मिस्त्री बसला होता. पंखा दुरुस्त करून घाम पुसत होता बिचारा. दुपारी लग्नाला जायचं म्हणून अंगात सफारी. तिघांनी सफारी बघितली, खुर्ची बघितली आणि हात जोडले.

“रामराम साहेब.”

“मी आपला पंख्याचं—” लखन उठू लागला.

“ऱ्हाऊ द्या वो पंखा, आमाला वाऱ्याची सवय हाय,” तात्या म्हणाले आणि त्यांनी त्याला खांदा दाबून बसवलं.

तेवढ्यात प्रयागबाई दारात आल्या. आबांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. नातीच्या डोक्यावर टोपी, हिच्या नाही. म्हणजे ही आया.

“बाई, च्या सांगा बरं चार. साहेबांचा बिनसाखरेचा का कसा?”

प्रयागबाईंनी चहा सांगितला आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

आमच्याकडे कामाचं एकदम बोलत नाहीत. आधी पाण्याची पाळी झाली, मग वांग्याचा भाव, मग लखनचं गाव, मग त्याच्या गावात आपलं कोण दिलंय. लखननं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा कुणीतरी त्याचा सोयरा निघाला. चहा संपल्यावर मामांनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. पिशवी उडाली, खाली पाणी सांडलं.

“ताजी हाय,” मामा म्हणाले. “आमच्या भाचीचं एवढं काम करा. संजीवनी तिचं नाव. तिला बारामतीला सोडा.”

“बरं,” लखन म्हणाला. आणखी काय म्हणणार? “पण ताईंना इचारा.”

“कंच्या ताई?”

नेमकी तेव्हाच संजीवनी आत आली. “मॅडम, बोलावलंत?” असं ती दाराशी उभ्या बाईला म्हणाली आणि आबांनी हातातली कपबशी घाईनं टेबलावर ठेवली.

लखन चपळाईनं उठला. “पंखा चालू केलाय, ताई,” म्हणत पिशवी घेऊन तो निघाला. मरळही गेली. मामांनी ओले हात पुसले.

प्रयागबाई खुर्चीत बसल्या. “संजीवनी, तुला न्यायला आलेत. जायचं असलं तर आजच सोडते. नोकरी सोडायला वर्ष भरावं लागत नाही.”

“मी सोडायचं कधी म्हटलं?”

“आगं, तूच म्हनलीस न्हवं बदली?” तात्या म्हणाले.

“समोरच्या वॉर्डात, तात्या! बाळंतिणींच्या!”

“तितं रक्त असतंय, पोरी.”

“तुम्ही सगळे कुठून आलात?”

मामांना ठसका लागला. प्रयागबाईंनी तोंडावर पदर घेतला. घाम पुसायला घेतला असेल, मला वरून नीट दिसलं नाही.

“तिकडून पळायला लोक बदली मागतात,” त्या म्हणाल्या. “सारजा आजही एकटीच आहे. आत्ता जातेस? मग माघारी फिरायचं नाही.”

आबा उठले. घरात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. “मी बारामतीच्या डाक्टरला शब्द दिलाय. पिशवी भर. साडेबाराची यष्टी हाय.”

समोरून सारजाची हाक आली.

संजीवनीनं पिना उपसल्या. मला उतरवलं. ड्यूटीवर, भर दिवसा, मेट्रनच्या डोळ्यांदेखत! बाळंतिणींच्या वॉर्डात कापडी रुमाल बांधतात, माझ्यासारखी कडक टोपी वाकल्यावर पडते, हे मला तेव्हा कुठं माहीत? तिनं मला आबांच्या हातात ठेवलं.

“ही घरी न्या, आबा. मी येणार नाही.”

आणि ती गेली. आबांची टोपी त्यांच्या डोक्यावर, मी हातात. तात्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी जमिनीवरच्या माशाच्या पाण्याकडे. वर लखनचा पंखा फिरत होता. समोरच्या वॉर्डात कुणाचंतरी लेकरू रडलं, आणि आबा मला हातात धरूनच साडेबाराच्या यष्टीकडे निघाले.