बाकावरचा नवरा

सारिनोला निवृत्त होऊन चार महिने झाले, पण त्यानं व्हिलात, शहराच्या मोठ्या बागेत, पाऊल टाकलं नव्हतं. अडतीस वर्षं त्या बागेत माळीकाम केलेला माणूस आता बाजारात जातानाही दोन गल्ल्यांचा वळसा घालायचा, फाटक दिसू नये म्हणून.

ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या कतानियात रविवारी सकाळी बायका नवऱ्याचा हात धरून व्हिलात जातात. वेनेरा मात्र अडतीस वर्षं शेजारणींबरोबर गेली, आणि नवरा दाखवायची वेळ आली की उतारावर वाकलेल्या एका हिरव्या सदऱ्यातल्या पाठीकडे बोट करायची. त्या उतारावर रोपांनी रोजची तारीख लिहिलेली असते. ती रोज बदलावी लागते; तारखेला कुठली रविवारची सुट्टी?

वाढदिवसाला काय हवं, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं : एक रविवार, एक बाक आणि शेजारी तो. वर अट घातली, की हात खिशात ठेवायचे. पान खुडायचं नाही, कुणाला शिकवायचं नाही.

नेमका शनिवारी डोंगराला खोकला आला. रविवारी सकाळी सज्जात बोटभर काळी रेव. सारिनोला आयतं निमित्त मिळालं; राख पडतेय, आज नको, म्हणाला. वेनेरानं नवे बूट चढवले आणि छत्री उघडत सांगितलं, की डोंगराच्या मर्जीनं चालले असते तर आपलं लग्नसुद्धा झालं नसतं.

बाक झटकून दोघं बसली. समोर तारीख काळीठिक्कर पडली होती. तिच्याजवळ नवी माळीण उभी होती, साल्वात्रिचे नावाची, मुलीच्या वयाची. सारिनो पुटपुटायला लागला. राखेवर पाणी मारलं की तिचा गारा होतो, पान गुदमरतं. तो स्वतः फळीवर पालथा पडून रंगाऱ्याच्या ब्रशनं पान न् पान झाडायचा, अख्खी सकाळ. ही पोरगी आता पाण्याची नळी आणणार, बघच तू. हात खिशातच होते, पण खिशांची शिवण ताणली होती.

साल्वात्रिचेनं नळी आणली नाही. हवा फुंकायचं यंत्र पाठीवर बांधून आली, आणि दहा मिनिटांत तारीख धुतल्यासारखी लख्ख झाली. नाक पुसून ती पुढच्या ताटव्याकडे गेली.

तो चुका काढत बसेल, ही धास्ती वेनेराला आठवडाभर होती. चूक सापडलीच नाही तर काय, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. सारिनो उठला.

"चल घरी. बघून झालं."

त्याच्या सदऱ्यांच्या, राखेत पालथं पडून काळ्या झालेल्या पोटांवर तिनं जन्मभर साबण घासला होता. तिला हसू येत होतं. पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"तुझं झालं असेल. मी तारीख बघायला नाही आले, तुझ्याशेजारी बसायला आलेय. माझं व्हायचंय अजून."

"दहा मिनिटांत, वेने. दहा मिनिटांत केलं तिनं."

"बरंच झालं की. तिच्या घरी रविवारचं जेवण गरम असताना होईल. आपल्याकडं कधी झालं?"

तो मग बसला. हात खिशातून बाहेर आले, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. तिनं एका हातात भोपळ्याच्या खाऱ्या बियांची पुडी दिली आणि दुसऱ्यात आपला हात अडकवला. तो बिया सोलून तिला द्यायला लागला. कलमं करणाऱ्याची नखं, एकही बी मोडली नाही.

इतक्यात दोन्ना पिप्पिना आली, वेनेराची बाकावरची जुनी सोबतीण. तिनं सारिनोला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि हे गृहस्थ कोण, असं त्याला ऐकू जाईल एवढ्या हळू विचारलं.

"माझा नवरा."

"अस्सं. तोंड असं आहे होय यांचं." दोन्ना पिप्पिनानं पुन्हा एकदा बघून घेतलं. "पाठमोरे तरुण दिसायचे हो तुम्ही."

सारिनो हसला, चार महिन्यांत पहिल्यांदा. टोपी काढून त्यानं मान लववली, तशी टोपीवरची राख दोन्ना पिप्पिनाच्या शालीवर सांडली. तिनं ती झटकली आणि बाकाच्या रिकाम्या टोकाकडे नजर टाकली. अजून दोघी सहज मावल्या असत्या.

वेनेरानं आपली पर्स उचलून त्या टोकावर ठेवली.

"आज नाही, दोन्ना पिप्पिना," ती म्हणाली, आणि पर्स जरा आडवी करून ठेवली.