दिसलं, दिसलं

मी बोलतेय, एका डोळ्याची आणि तीन पायांची दुर्बीण. सध्या सरांच्या घरी दारामागे उभी आहे. अंगावर कोणीतरी ओला रेनकोट टाकलाय. टाकू दे. बावीस वर्षं मी उभीच आहे, आता कुरकुर करायचंही त्राण उरलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. काचा घासल्या, नळीत बसवल्या, मला खोक्यात भरलं. खरं आयुष्य सुरू झालं ते सरांच्या हाती आल्यावर. सर पक्ष्यांचे अभ्यासक. कॉलेजात शिकवायचे आणि सुट्टीत लोकांना घेऊन रानात, पाणथळीवर सहली काढायचे. सहा दिवस, पंधरा माणसं, एक बस आणि सरांच्या खांद्यावर मी. नुसत्या आवाजावरून सर पक्षी ओळखायचे, क्षणात मला रोखायचे आणि म्हणायचे, एकेकानं बघा.

मग माझ्यामागे रांग लागायची. तुम्हाला म्हणून सांगते, त्यातल्या निम्म्यांना काहीच दिसत नाही. कोणी नको तो डोळा मिटतं, कोणी मला धक्का देऊन पक्ष्याऐवजी आभाळ बघतं. पण मागची माणसं ताटकळलेली असतात, म्हणून सगळेच म्हणतात, "दिसलं, दिसलं." सुरुवातीला मला हसू यायचं. मग त्याचाही कंटाळा आला.

गेल्या दोन वर्षांत सर बदलले. चित्र स्पष्ट करायचं माझं चाक उगाच इकडून तिकडे फिरवत बसायचे. माझ्या काचा स्वच्छ होत्या, धुकं त्यांच्या डोळ्यांत होतं. सहलींची व्यवस्था बघणारी त्यांची मुलगी डॉक्टरांचं नाव काढायची आणि सर विषय बदलायचे. नजर गेली की सहली गेल्या, मग आपल्याला कोण विचारतंय, ही त्यांची धास्ती. मला ती त्यांच्या बोटांतून कळायची आणि वाईट वाटायचं.

शेवटच्या सहलीला पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांना घुबड बघायचं होतं, बाकी कशाचा हट्ट नव्हता. सहलीच्या पत्रकातला घुबडाचा फोटो कापून त्यांनी पर्समध्ये ठेवला होता. चौथ्या दिवशी सकाळी सरांना घुबडाचा आवाज आला. त्यांनी मला एका वाळक्या झाडावर रोखलं. चौदा जणांनी बघितलं. कोणी त्याच्या डोळ्यांचं कौतुक केलं. एका दातांच्या डॉक्टरांनी तर त्यानं मान वळवल्याचंही सांगितलं. शेवटी बाई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, मला तर मोडक्या फांदीचा खुंट दिसतोय."

सगळे हसले. डॉक्टरांनी त्यांना चष्मा पुसायचा सल्ला दिला. आपलंच काहीतरी चुकत असेल, असं पुटपुटत बाई बाजूला झाल्या. खुंटच होता तो. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला फक्त डोळा दिलाय, तोंड नाही.

संध्याकाळी जेवणाआधी दिवसभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी वाचायची पद्धत होती. घुबडाचं नाव आल्यावर चौदा हात वर झाले. बाईंचे हात मांडीवरच होते. सर पेन्सिल धरून थांबले.

"खोडतो हे," सर म्हणाले. "खुंटच होता. मी अंदाजानंच रोखलं होतं, मला आता नीट दिसत नाही आणि मी ते लपवत आलोय. बाई, तुमचंच बरोबर होतं."

हात एकेक करत खाली आले. डॉक्टर समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाईंच्या हाती दिलं आणि स्वतः कान देऊन उभे राहिले. डावीकडे, म्हणाले. जरा वर. फांदी खोडाला मिळते तिथे. बाईंनी चाक फिरवलं. माझ्या काचेत घुबड होतं, अर्धे डोळे मिटून बसलेलं. त्यांनी सरांना पुढे केलं. सर वाकले. मागे रांग ताटकळली होती.

"नाही दिसलं," सर म्हणाले. "पण आहे ना?"

"आहे, सर."

डोळे दाखवायला फार उशीर झाला, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सर अजून सहलींना जातात, कानांच्या भरवशावर. पडद्यावर चित्र दाखवणारी नवी दुर्बीण आली आहे, तिच्यापुढे कोणाला वाकावं लागत नाही. मी इथे भिंतीकडे डोळा करून उभी.

कधीतरी सर येतात, रेनकोट बाजूला करून सवयीनं डोळा लावतात. "नाही दिसलं," म्हणतात आणि माझ्यावर हात ठेवून जरा वेळ उभे राहतात. तुमच्यापैकी कोणी मला पुन्हा रानात न्यायला आलंच, तर एवढंच करा. रांग कितीही मोठी असू दे, दिसलं तरच दिसलं म्हणा.